सहा लाल दिवे

(रात्र. ईस्ट लॉस एंजेलिस, व्हिटियर बुलेवार्ड. गाडीची मागची बाजू, अगदी जवळून.)

हे दिवे मोजा. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. समोर उभी आहे ती १९६४ची शेवरोले इम्पाला. याच सांगाड्यावरच्या स्वस्त गाड्यांना, म्हणजे बेल एअर आणि बिस्केनला, दोन्ही बाजूंना दोन-दोनच दिवे मिळायचे. पुढच्याने किती पैसे मोजलेत, ते मागून येणाऱ्याला अंधारातही कळायचं.

आता दिव्यांभोवतीची ही ॲल्युमिनियमची पट्टी बघा. गाडीने साठी ओलांडली, पण पट्टीवर ओरखडा नाही. ही चकाकी कारखान्यातून आलेली नाही. गाडीचे मालक रोज संध्याकाळी ती फडक्याने पुसतात, तेव्हा ती अशी राहते. या गाडीची गोष्ट सहसा कंपनीची गोष्ट म्हणून सांगतात. आम्ही ती हातांची गोष्ट म्हणून सांगतो आहोत.

(जुनी फिल्म. वॉरन, मिशिगन. मातीचं मॉडेल, भोवती माणसं.)

डेट्रॉइटला लागून असलेल्या वॉरन गावात जनरल मोटर्सचं, म्हणजे शेवरोलेच्या मालक कंपनीचं, टेक्निकल सेंटर आहे. १९५६ साली त्याचं रीतसर उद्घाटन झालं. पडद्यावर दिसतेय ती अख्ख्या मापाची, साडेसतरा-अठरा फुटी गाडी. आत लाकडाचा सांगाडा, वर माती. ही माती पाण्यात कालवलेली नसते. तिच्यात मेण आणि तेल असतं, म्हणून ती वाळून तडकत नाही. भट्टीत मऊ करायची, गरम असतानाच तळव्याने थापायची, निवली की पात्याने खरवडायची. या माणसाचा अंगठा बघा. मडगार्डच्या कडेवरून तो तीनदा फिरतो आणि मगच पातं पुढे सरकतं. गाडीचा आकार असा मातीत घडवायची रीत हार्ली अर्ल यांनी रुजवली. १९२७पासून जनरल मोटर्सचा रूपरेखा विभाग त्यांच्या हाताखाली होता.

ऑगस्ट १९५६. दुपारच्या सुट्टीत चक जॉर्डन नावाचा तरुण डिझायनर गाडी घेऊन बाहेर पडला. जवळच क्रायस्लर कंपनीचं आवार होतं. कुंपणापलीकडे पुढच्या वर्षीच्या, १९५७च्या, नव्या प्लिमथ उभ्या होत्या. बुटक्या, पातळ टपाच्या, मागे उंच निमुळते पंख असलेल्या. जॉर्डन परत आला आणि त्याने सहकाऱ्यांना सांगितलं. अर्ल यांच्या हाताखालचे बिल मिचेल यांच्यासह बाकीचेही जाऊन बघून आले. त्या वेळी १९५९च्या गाड्यांची मॉडेलं आकाराला येत होती, जाडजूड आणि क्रोमने लादलेली. अर्ल युरोपात होते. त्यांच्या पाठीमागे नव्या आकाराचं काम सुरू झालं. परत आल्यावर त्यांनी ते पाहिलं आणि मान्य केलं. महिनोन्‌महिने घडवलेली माती खरवडून काढावी लागली.

(रंगीत. १९५९ची इम्पाला, मागून. कॅमेरा सावकाश वर जातो.)

त्यातून निघाली ती ही. पंख वर न जाता आडवे पसरलेले, वटवाघळासारखे. दिवेसुद्धा गोल नाहीत, मांजराच्या डोळ्यांसारखे. खर्च वाचवायला त्या वर्षी जनरल मोटर्सच्या पाचही नावांच्या गाड्यांना एकच मूळ सांगाडा वापरला होता. पुढचे दरवाजे त्यांतल्याच ब्युइकचे. तरी मागून बघितलं तर ही दुसरी कुठली गाडी वाटूच शकत नाही. पत्र्याचा एवढा मोठा तुकडा इतक्या धीटपणे वळवलेला आम्ही तरी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिलेला नाही.

सुरुवात एक वर्ष आधीची. इम्पाला हे आफ्रिकेतल्या एका हरणाचं नाव. १९५६मध्ये कंपनीने प्रदर्शनापुरत्या बनवलेल्या एका गाडीला ते दिलं, आणि १९५८मध्ये बेल एअरच्या सर्वांत महागड्या प्रकाराला. जनरल मोटर्सचं ते पन्नासावं वर्ष. दोनच रूपं: दोन दारांची हार्डटॉप आणि उघड्या टपाची. ते वर्ष मंदीचं होतं, तरी शेवरोलेने फोर्डला मागे टाकलं.

(वर्कशॉप. गाडी जॅकवर चढवलेली. खालून चासी.)

खालून बघा. साधारणपणे चासीच्या दोन तुळया गाडीच्या दोन्ही कडांनी जातात. इथे त्या मधोमध येऊन जुळल्यात, इंग्रजी एक्स अक्षरासारख्या. कडेला तुळई नाही, म्हणून बसायची जमीन खाली नेता आली आणि गाडी बुटकी झाली. १९५८पासून मागे पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आल्या. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. कडेने धक्का बसला तर आतल्या माणसाला या चासीचा आधार कमी, अशी टीका तेव्हाही झाली. समोरच्या धडकेचं काय, तेही पुढे दिसलं: २००९ साली अमेरिकेत १९५९ची एक बेल एअर मुद्दाम त्या वर्षीच्या शेवरोले मालिबूवर समोरून, ताशी ६४ किलोमीटरने आदळवली. बेल एअरचा चालक वाचला नसता. १९६५मध्ये ही चासी गेली.

(विक्रीच्या काळातली छायाचित्रं, भराभर.)

१९६१ला इम्पालाचा सुपर स्पोर्ट हा प्रकार आला, त्याच्यासोबत ४०९ घन इंचाचं इंजिन. १९६५ या एका वर्षात १० लाखांहून अधिक इम्पाला विकल्या गेल्या.

भारतात जनरल मोटर्सचा कारखाना होता तो मुंबईत शिवडीला, १९२८पासून. तिथे शेवरोलेची जुळणी व्हायची. पण १९५४मध्ये तो बंद झाला. त्यामुळे मुंबईच्या रस्त्यावर जी इम्पाला दिसली, ती बाहेरून आलेली. आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडी तरीही हे नाव होतं. श्रीमंती दाखवायला ‘इम्पाला’ एवढं म्हटलं की पुरायचं.

(पुन्हा वर्कशॉप. डिकी उघडते. आत बॅटऱ्यांची रांग, क्रोम केलेले पंप.)

आता इकडे या.

नवी गाडी परवडायची नाही, अशा मेक्सिकन वंशाच्या पोरांनी लॉस एंजेलिसमध्ये जुन्या शेवरोले घेतल्या आणि जमिनीलगत आणल्या. कुणी डिकीत वाळूची पोती टाकायचं, कुणी स्प्रिंग कापायचं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी १९५८पासून कायदा केला: गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. १९५९मध्ये रॉन अगिरे याने आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. पोलीस गेला की खाली.

नीट बघा हे कसं चालतं. हा डबा ड्रायव्हरच्या मांडीशी असतो, त्यावर बटणांची ओळ. एक बटण दाबलं की डिकीतला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, कट्‌कन लागतो, बॅटरीचा करंट पंपाच्या मोटारीला जातो, पंप तेल ढकलतो आणि स्प्रिंगच्या जागी बसवलेला सिलिंडर गाडीचा तो कोपरा उचलतो. उतरवायचं तर दुसरं बटण. व्हॉल्व्ह उघडतो, तेल सुस्कारा टाकत टाकीत परत येतं. चारही कोपरे वेगवेगळे. म्हणून १९५८ ते १९६४च्याच इम्पालांवर सगळ्यांचा जीव. सिलिंडर बसायला कॉइल स्प्रिंगची जागा आयती, आणि गाडी टेकवायची तर जमीन आधीच खाली. डेट्रॉइटच्या इंजिनिअरांनी हे योजलं नव्हतं. ते या लोकांनी गाडीखाली उताणं झोपून शोधलं.

(आवाज: पंप. गाडी तीन चाकांवर उभी. इथे निवेदन नाही.)

(रंगकाम. स्प्रे गन, मग ब्रशची टोकाची फ्रेम.)

डेंटिंग झालं, प्रायमर झाला, घासून झाला. आता चंदेरी थर, त्यात बारीक चमकी. त्यावर पारदर्शक रंग, ज्याला इथे कँडी म्हणतात. एक हात, दुसरा, तिसरा. प्रत्येक हाताला रंग गडद होतो, आणि चंदेरी थर खालून उजळत राहतो. एक हात कमी-जास्त झाला तर दरवाजा आणि मडगार्ड यांच्या छटा जुळत नाहीत, मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. इथे टपावर लेसचं कापड ताणून वरून रंग मारला. कापड उचललं, नक्षी राहिली.

आणि ही रेघ. खारीच्या केसांचा लांब, तिरपा ब्रश. करंगळी पत्र्यावर टेकलेली, मनगट गोठलेलं, चालतो तो अख्खा माणूस. बॉनेटपासून डिकीपर्यंत ब्रश एकदाही उचलला नाही. आम्ही हा शॉट कापलेला नाही.

या कामातली सर्वांत नावाजलेली गाडी म्हणजे जिप्सी रोझ. १९६४ची इम्पाला, इम्पिरियल्स क्लबच्या जेसी व्हालादेस यांची. गुलाबी अंगावर हाताने काढलेली गुलाबाची फुलं. २०१७मध्ये ती वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या खुल्या मैदानावर काचेच्या पेटीत मांडली होती.

(जुनी फिल्म: व्हिटियर बुलेवार्ड, पोलिसांचे अडथळे.)

अशा गाड्या घेऊन लोक या रस्त्यावर सावकाश फेऱ्या मारायचे. १९७९मध्ये शेरिफ खात्याने, म्हणजे तिथल्या पोलिसांनी, हा रस्ता या फेऱ्यांना बंद केला. ऐंशीच्या दशकात शहराशहरांत बंदी आली. याच शहरातल्या व्हॅन नाइजमध्ये इम्पाला बनायच्या, तो कारखाना १९९२मध्ये बंद झाला. इम्पाला नावाची शेवटची गाडी डेट्रॉइट-हॅमट्रॅमिकमधून फेब्रुवारी २०२०मध्ये निघाली. फेऱ्यांवरची बंदी आणि १९५८चा तो कायदा, दोन्ही कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४पासून रद्द केलं.

(रविवार संध्याकाळ. गाड्यांची रांग. फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेली कुटुंबं.)

यांचा स्पॅनिश शब्द आहे ‘बाहितो इ सुआवेसितो’. खालून आणि हळुवार. ताशी पंधरा-वीसच्या वर कुणी जात नाही. इतका रंग केल्यावर तो लोकांना नीट बघता यायला हवा.

(रात्र. गॅरेज. शटर अर्धं खाली.)

बॉनेट अजून गरम आहे. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, त्या सकाळपर्यंत चालतील. सिलिंडरखाली तेलाचा एक थेंब पडलाय, तो उद्या बघायचा. आता फडकं. सुरुवात मागून, डाव्या बाजूच्या पहिल्या दिव्यापासून.