उशी, रेडिओ आणि एक धरण

(दृश्य: मुंबई, चोर बाजार, मटण स्ट्रीट. लाकडी खोक्यात उभ्या रचलेल्या रेकॉर्डी. बोटं चाळतायत.)

सात इंचाची तबकडी. मिनिटाला 45 फेरे. दोन्ही बाजू मिळून बहुधा चार गाणी. दुकानदार आधी फुंकर मारतो, मग सदऱ्याच्या टोकानेच ती पुसतो. जाणकारांनी या शॉटला डोळे मिटावेत. लेबलवर भोंग्यापुढे बसलेला तो कुत्रा, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत नाव: आशा भोसले.

या तबकडीवर इंग्लंडमधल्या एका बँडने गाणं रचलं. बँडचं नाव कॉर्नरशॉप. 1991 मध्ये लीस्टरला जमलेली पोरं. गाणी लिहिणारा तजिंदर सिंग वुल्वरहॅम्प्टनच्या पंजाबी घरातला. देशी माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, असं तिकडे सर्रास धरून चालत. पोरांनी तेच नाव उचललं आणि बँडला लावलं. सुरुवातीचा बाज सरळ पंकचा, म्हणजे बंडखोर रॉकचा: गिटारचा कल्लोळ आणि सुराची फारशी फिकीर नाही. 1992 मध्ये मॉरिसी हा गायक लंडनच्या मंचावर युनियन जॅक घेऊन मिरवला, तिकडचे वर्णद्वेषी मिरवत तोच ब्रिटिश झेंडा, तर यांनी त्याच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ईएमआय कंपनीच्या कचेरीबाहेर त्याचा फोटो जाळला. आणि हा कुत्रा छापणाऱ्या आपल्या एचएमव्हीची मालक कोण? कित्येक दशकं, हीच ईएमआय.

1997 मध्ये त्यांचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ आलं. आशाताईंवरचं गाणं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते पुन्हा पुन्हा ऐकलं की वाटतं, हे गायिकेपेक्षा ऐकणाऱ्याचं गाणं आहे. पुढे जे येतं तो आम्ही लावलेला अर्थ. तजिंदरला तो मान्य असेलच असं नाही.

(दृश्य: जुना रेडिओ. मागचं झाकण उघडलेलं. शेजारी लायसन्सचं पुस्तक.)

हे पुस्तक नीट बघा. रेडिओ घरात ठेवायला लायसन्स लागायचं. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, शिक्का मारून घ्यायचा. पानं पिवळी पडलीयत, पण जांभळा शिक्का अजून वाचता येतो. गाणं ऐकण्याची सरकारदरबारी झालेली नोंदच ही.

आता गाण्यातली ती ओळ. सरकारी इशाऱ्यांची आम्हाला पर्वा नाही, असं तो म्हणतो. साध्या राहणीच्या त्यांच्या प्रचाराची नाही, ते बांधतायत त्या धरणांचीही नाही. नाचायच्या गाण्यात हे कुठून आलं?

आम्ही ही ओळ थेट 1952 मध्ये नेऊन बसवतो. त्या वर्षी नभोवाणी खातं आलं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? सुई सरकवली आणि रेडिओ सिलोन लावलं. 3 डिसेंबर 1952 ला तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज, आणि चाळीत ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या दारात गर्दी. केसकरांची बाजूही होती, हे मान्य करू. कितीतरी शास्त्रीय कलावंतांच्या घरची चूल आकाशवाणीच्या मानधनावर पेटली. पण आम्ही मात्र दारातल्या त्या गर्दीतले.

मोर्चा नाही, घोषणा नाही. नुसती सुई सरकवायची. यापेक्षा पंक काय असतं?

(दृश्य: सातारा जिल्ह्यातली जत्रा. ट्रक, तंबू, पडदा ताणणारे दोघे.)

ही टुरिंग टॉकीज. जत्रेमागून जत्रा करणारी. हा पोरगा पडद्याची दोरी खुंटीला बांधतोय. वारा आहे, त्यामुळे पडद्याचं शीड झालंय, आणि दोन माणसं लोंबकळली तरी ते आवरत नाही. मागच्या ट्रकात प्रोजेक्टर. त्याच्या पत्र्यावर कुणीतरी लाल रंगात ‘ॐ’ काढलाय, त्याला उदबत्ती लावल्याशिवाय खेळ सुरू होत नाही.

गाण्यात पडद्यामागच्या नाचाचा उल्लेख येतो. समीक्षक त्याचा अर्थ सांगतात तो पार्श्वगायनाचा: पडद्यावर ओठ हलतात नटीचे, गळा असतो मागे उभ्या बाईचा. बरोबरच आहे. पण उघड्यावरच्या खेळाला लोक पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसत, हे आपल्याकडे कुणालाही विचारा. मागच्या बाजूने पाट्या उलट्या दिसतात, हिरो डावखुरा होतो. गाणं मात्र दोन्हीकडे सारखंच पोचतं. आम्हाला त्या ओळीत मागे बसलेली माणसं दिसतात.

त्या गळ्याचं मूळही याच भागातलं. आशाताईंचा जन्म सांगलीचा, 1933 चा. पहिलं गाणं 1943 मध्ये, तेही मराठी चित्रपटासाठी. तजिंदरने लताबाईंना, रफींना यादीत घेतलं आहे, पण गाण्याचा मुखडा दिला तो आशाताईंना. थोरल्या बहिणीच्या सावलीत जिने वर्षानुवर्षं दुसऱ्या फळीची गाणी गायली तिला. परक्या देशात वाढलेल्या पोराला ही बाई जवळची वाटली, यात आम्हाला नवल वाटत नाही.

(दृश्य: उजनी जलाशय, उन्हाळा. पाणी ओसरलेलं. पळसदेवच्या मंदिराचं शिखर.)

आणि धरण. हे पळसदेव. भीमेवर उजनी झालं, 1980 मध्ये, आणि हे मंदिर पाण्याखाली गेलं. दुष्काळी सालात वर येतं. दगडांवर शेवाळाचा वाळलेला पापुद्रा आहे, नखाने निघतो. वर नंदुरबारमध्ये सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची 33 गावं, पहिलं मणिबेली. गाणं आलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे त्या भिंतीचं काम थांबलेलं होतं. या धरणांपायी जी माणसं उठली, त्यांची भांडणं अजून चालू आहेत.

(दृश्य: टर्नटेबल. सुई टेकते.)

आता कान द्या, ही मूळ चाल. गिटारचे तेच ते दोन-तीन कॉर्ड, घाई नाही, आवाज जरा कंटाळल्यासारखा. डोकं टेकायला प्रत्येकाला कुणाची तरी कूस लागते, तो म्हणतो, माझी या पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकडीवर आहे. उशाशी ट्रान्झिस्टर घेऊन झोपलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

मूळ गाणं इंग्लंडच्या खपाच्या यादीत साठाव्या क्रमांकावर जाऊन थांबलं. बीबीसी रेडिओचा निवेदक जॉन पील याच्या श्रोत्यांनी मात्र त्या वर्षीच्या फेस्टिव्ह फिफ्टीत, म्हणजे वर्षाखेरीला मतांनी निवडलेल्या पन्नास गाण्यांत, त्याला पहिलं ठरवलं. मग नॉर्मन कुक या डीजेने वेग वाढवला, पट्टी चढवली, खाली ढोल घातले, आणि फेब्रुवारी 1998 मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. लग्नाच्या डीजेकडे आजही तेच असतं. वाजवा, नाचा; आमचीही हरकत नाही. फक्त त्या वेगात धरणाची ओळ कानावरून निघून जाते. म्हणून या फिल्ममध्ये तुम्हाला रीमिक्सचा एकही सेकंद ऐकू येणार नाही.

(दृश्य: पुन्हा चोर बाजार. टू-इन-वन, कॅसेटी, रेडिओ, एकावर एक.)

शेवटी गाणं नुसती यादी होतं. रफी, लता, फ्रान्सचा गायक जाक द्यूत्रों, जमैकन गाण्यांची ट्रोजन रेकॉर्ड्स, सॉलिड स्टेट रेडिओ, टू-इन-वन. बहुतेक नावांमागे पंचेचाळीस, पंचेचाळीस. प्रार्थनेसारखं नाही हं, दुकानदार माल मोजतो तसं. आणि त्याच यादीत ऑल इंडिया रेडिओ! ज्या सरकारचं ऐकायचं नाही म्हणाला, त्याच सरकारचा रेडिओ. केसकरांनाही शेवटी माघार घ्यावी लागली होती. 1957 मध्ये, ते मंत्री असतानाच, विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी सरकारी लहरींवर परतली. तजिंदरच्या यादीतला ऑल इंडिया रेडिओ हा त्यानंतरचा, असं आम्ही धरून चाललो आहोत.