गॅस एक, सिंक मोठं

मंडळी, ताईंनी माझी ओळख ‘आहारतज्ज्ञ’ अशी करून दिली. तसं काही नाही हो. मी निवृत्त शिक्षिका. सहा वर्षं रात्रीचं जेवण कच्चं खाते आणि दुपारी पिठलं-भाकरी. म्हणजे खरे कच्चं खाणारे मला कच्चं लिंबूच म्हणणार. ‘स्वयंपाकच करायचा नाही तर स्वयंपाकघर कशाला?’ असं पहिल्या रांगेतून आत्ताच कुणीतरी म्हणालं. सांगते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ओटा नवा करायला काढला. करणारा मुलगा चुणचुणीत. लॅपटॉपवर चित्रच दाखवलं त्यानं: चार बर्नरची शेगडी, वर चिमणी, कढया-कुकरसाठी तीन खोल ड्रॉवर. म्हटलं, “अरे, मला एक बर्नर पुरे. मी कच्चं खाते.” त्यानं आमच्या ह्यांच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की हे घाईघाईनं म्हणाले, “मला मिळतं हो शिजवलेलं!”

आणि सिंक? जेमतेम १६ इंची. मेथीची जुडी धुवायला घेतली की देठ बाहेर, पाणी ओट्यावर आणि ओट्यावरून माझ्या पोटावर. विळीला जागा मागितली तर म्हणतो, “काकू, विळी आता कोण वापरतं?” तिथं मात्र माझं डोकं फिरलं. विळीवर कोबी केसासारखा चिरला जातो, तसा सुरीनं चिरून दाखवावा कुणी! आणि ओलं खोबरं काय पासवर्ड टाकून खवायचं? शेवटी महिन्याभरात एक ड्रॉवर उखडला आणि २४ इंची सिंक बसवलं. खर्च सांगत नाही, हे इथंच बसलेत.

हे खूळ माझं एकटीचं नाही बरं. गांधीजींनी १९२९ साली चुलीशिवायच्या जेवणाचा प्रयोग केला होता. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, पाला, लिंबू, मध. काही आठवड्यांत पोट बिघडलं, प्रयोग सोडला आणि तसं ‘यंग इंडिया’त छापूनही टाकलं. आपल्यापैकी कुणी फसलेली पाककृती ग्रुपवर टाकलीय का कधी? पुढं १९४६ मध्ये उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम...

घंटा? पाचच मिनिटं राहिली? बरं, मुद्द्याचं बोलते.

आग आपल्या चुका पोटात घालते. भाजी नीट धुतली नाही, फडकं कळकट राहिलं, तरी उकळी सांभाळून घेते. कच्च्यात ती सोय नाही, सगळा भार पाण्यावर आणि हातांवर. म्हणून आधी सिंक. पालेभाजी पाणी बदलून तीनदा धुवायची, रोवळीत निथळायची. मासे-मटणाची फळी वेगळी, ती कोशिंबिरीला चुकूनही नाही.

मोड हा सगळ्यांत नाजूक मामला. ऊब आणि ओल मटकीला मानवते, तशी जंतूंनाही. जर्मनीत २०११ साली मेथीच्या मोडांमधून ई. कोलाय पसरला, पन्नासहून जास्त माणसं दगावली. मटकी आठ तास भिजवा, बांधा, मोड आले की थेट फ्रिजमध्ये आणि दोन दिवसांत संपवा. वास आला तर टाकून द्या, जीव अडकवू नका. राजमा तर कच्चा कधीच नाही, तो बाधतो. निव्वळ कच्च्यावर राहणाऱ्यांनी बी-१२ तपासत राहावं. आणि गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांनी मोड वाफवूनच खावेत. म्हणजे या सभागृहात कच्चे मोड खाण्याजोगे फक्त ते चहावाले दादा.

तो एक बर्नर कशाला, हे राहिलंच. मोड बांधायचं फडकं उकळायला!

काकडी चोचवून दाखवायला विळी आणली होती, ती आता चहाच्या वेळी. तोवर त्या निळ्या पिशवीत कुणी हात घालू नका.