तुका एक, माका एक

(दृश्य: खळ्यात उन्हात पसरलेल्या काजूच्या बिया. चार मुलं गोल करून बसलेली.)

मे महिना. मालवणजवळची एक वाडी. बिया २३, वाटेकरी चार.

"तुका एक, माका एक..."

फेरीमागून फेरी. पाच फेऱ्या होतात. सहावी सुरू होते आणि अडते.

"आजये, पाच-पाच इल्यो. तीन उरल्यो."

"ऱ्हवांदेत. चुलीत भाजूया."

भाज्य २३, भाजक ४, भागाकार ५, बाकी ३. बाकी भाजकापेक्षा लहानच का असते, हे या मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही. चार बिया उरल्या असत्या, तर आणखी एक फेरी झाली असती!

आता थोरली काय करते बघा. तिला एकेक बी टाकायचा कंटाळा आलाय. ती थेट तीन-तीन देते. १२ गेल्या, ११ राहिल्या. मग दोन-दोन. उत्तर तेच, वेळ निम्मा. वहीत ९२ ला ४ ने भागताना आपण आधी दशक वाटतो, प्रत्येकाला दोन. उरलेला एक दशक सुट्यांत मोडून १२ करतो आणि तीन-तीन देतो. २३. रीत हिचीच, फक्त मांडणी कागदावर.

(दृश्य: मागची पडवी. हापूसची प्रतवारी. पेटीत पेंढा अंथरणारे हात.)

इथे मात्र वाटेकरीच नाहीत. २४० आंबे आहेत आणि पेटी पाच डझनी. एका पेटीत ६० गेले, की ढीग तेवढा कमी. पुन्हा ६०, पुन्हा ६०. चौथ्या पेटीला ढीग संपतो. फळ मोठं असतं तर पेटीत चारच डझन बसले असते आणि पेट्या पाच लागल्या असत्या. खळ्यात गट किती ते ठाऊक होतं, प्रत्येक गटात किती ते शोधायचं होतं. इथे नेमकं उलट. चिन्ह दोन्हीकडे एकच, त्यामुळे हा फरक सहसा नजरेतून सुटतो.

शिकवताना वाटणीवर भर दिला जातो, गट करण्यावर कमी. आमच्या मते अपूर्णांकात मुलं अडखळतात त्याचं एक कारण हेच. ३ भागिले १/२. अर्ध्या माणसाला वाटणार कसं?

(दृश्य: माजघर. तराजू, आमसुलांची परात.)

काकींना हा प्रश्न पडत नाही. तीन किलो आमसुलं, अर्ध्या किलोच्या पिशव्या. भरल्या सहा. भागाकार करूनही उत्तर तीनापेक्षा मोठं, कारण मोजतोय त्या पिशव्या.

आणि शून्याने भागायचं असेल तर? शून्य किलोच्या पिशव्या भरत बसा. परातीतलं एक आमसूलही कमी व्हायचं नाही.