हे खरे आहे काय? : करांविषयीचे प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरे

मंडळी, आपल्या विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या यादीतली मराठी तुम्ही कधी वाचली असेल. "अमुक करवाढीमुळे जनतेत तीव्र नाराजी पसरली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि पलीकडे उत्तर : "हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही." दोन ओळींत मंत्री मोकळे. आपण हसतो, मंत्र्यांना नावे ठेवतो. पण यात प्रश्नकर्त्याचाही वाटा आहे. नाराजी मोजणारे खाते सरकारकडे नाही. त्यामुळे नाराजी खरी आहे काय, असे विचारल्यावर 'नाही' म्हणायला मंत्र्यांना कष्ट पडत नाहीत.

आज मी संसदेबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही कर आणि सरकारी तिजोरी यांच्याविषयी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांबद्दल. माझे म्हणणे थोडक्यात असे, की अर्थमंत्र्यांना अडचणीत आणतो तो रागाने विचारलेला प्रश्न नव्हे. आकड्याची नेमकी फोड मागणारा प्रश्न. तो बहुतेक वेळा दूरदर्शनवर दिसतही नाही.

यंत्रणा आधी पाहू, पण पटकन. लोकसभेत प्रश्नोत्तरांचा तास अकराला सुरू होतो; राज्यसभेत २०१४च्या अखेरीपासून तो दुपारी बाराला असतो. लोकसभेच्या यादीत दिवसाला वीस तारांकित प्रश्न आणि २३० अतारांकित प्रश्न. तारांकिताला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. वीसपैकी चार-पाच तारांकित प्रश्नच प्रत्यक्षात पुकारले जातात, उरलेल्यांची उत्तरेही लेखीच. नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि कोणाचा प्रश्न वर येणार हे सोडतीने ठरते. संसदीय कामकाजातला हा एक भाग तरी नशिबावर चालतो, हे मला आवडते. तिथे पक्षाचे संख्याबळ कामाला येत नाही.

खरी गंमत लोकसभेच्या नियम ४१मध्ये आहे. कोणता प्रश्न स्वीकारायचा नाही, याची ती यादी. प्रश्न दीडशे शब्दांपेक्षा मोठा नको. त्यात युक्तिवाद नको, अनुमान नको, उपरोध नको, विशेषणे नकोत. मत विचारायचे नाही. सहज उपलब्ध कागदपत्रांत मिळणारी माहिती मागायची नाही. आणि एका उत्तरात मावणार नाही एवढा मोठा धोरणाचा विषय काढायचा नाही. हे शेवटचे कलम तरुण खासदारांना जाचक वाटते. सरकारचे करधोरण गरिबांवर अन्याय करणारे नाही काय, असे त्यांना विचारायचे असते आणि नियम म्हणतो, ते भाषणात बोला. मला मात्र हा नियम प्रश्नकर्त्याच्या फायद्याचा वाटतो. विशेषणे काढून टाकली की प्रश्नात आकडा मागण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि आकड्याला 'हे खरे नाही' असे उत्तर देता येत नाही.

तुम्ही म्हणाल, अर्थसंकल्पावर एवढी चर्चा होते, वित्त विधेयक सभागृहात येते, मग या फुटकळ प्रश्नांचे काय एवढे? तर चर्चा किती होते तेही पाहा. मंत्रालयांच्या बहुतेक अनुदान मागण्या गिलोटिनखाली, म्हणजे चर्चेविना, एकगठ्ठा मंजूर होतात. २०१८मध्ये लोकसभेने वित्त विधेयकही चर्चेविना मंजूर केले. २३ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या सावटाखाली, पुन्हा तेच घडले, आणि त्याच विधेयकात पेट्रोल-डिझेलवरच्या विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्काची कमाल मर्यादा वाढवणारी दुरुस्ती होती. मे महिन्यात पेट्रोलवर लिटरमागे दहा आणि डिझेलवर तेरा रुपये वाढले, तेव्हा संसदेत जायची गरज उरली नव्हती. अधिसूचना पुरेशी होती. कर कायद्याने लागतो हे पाठ्यपुस्तकात ठीक. व्यवहारात कायदा फक्त छत घालतो आणि त्याखाली दर वरखाली होतात ते अधिसूचनेने. त्या दरांचा हिशेब मागायचा तर प्रश्नच हाताशी राहतो.

आणि राज्यसभेचा विचार करा. वित्त विधेयकासारख्या धन विधेयकात राज्यसभेला दुरुस्ती करता येत नाही. चौदा दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींविना ते परत करायचे, एवढेच तिच्या हातात. पण करांवर प्रश्न विचारायला तिथल्या सदस्याला कसलीच आडकाठी नाही.

पेट्रोलचेच उदाहरण पुढे नेतो. 'केंद्र सरकार इंधनावर किती कर घेते?' असे विचारले, तर एक एकूण रक्कम मिळते आणि तिच्यातला वाटा राज्यांनाही जातो, हे वाक्य जोडून येते. वाक्य खोटे नाही. आता फोड मागा. फेब्रुवारी २०२१ नंतर पेट्रोलवर केंद्राचे शुल्क लिटरमागे ३२ रुपये ९० पैसे होते. त्यात मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे. विशेष अतिरिक्त शुल्क ११ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर १८ रुपये, कृषी पायाभूत सुविधा उपकर अडीच रुपये. वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे राज्यांना ४१ टक्के वाटा मिळतो तो विभाज्य निधीतून, म्हणजे केंद्राच्या करांतल्या वाटून घ्यायच्या भागातून, आणि उपकर (ठराविक कामासाठीचा कर) व अधिभार (करावरचा जादा कर) त्या निधीत धरले जात नाहीत. विशेष अतिरिक्त शुल्क हाही अधिभारच. म्हणजे बत्तीस रुपये नव्वद पैशांपैकी वाटणीला आले १ रुपया ४० पैसे, आणि त्याचे ४१ टक्के म्हणजे सगळ्या राज्यांना मिळून सत्तावन्न पैसे. राज्ये आपला मूल्यवर्धित कर वेगळा लावतात, ते खरे. पण 'वाटा जातो' या वाक्याच्या पोटात काय होते ते या फोडीने कळते. ती लेखी उत्तरांतूनच बाहेर आली. प्रश्नात एक शब्द महत्त्वाचा होता : घटकनिहाय. 'वर्षनिहाय', 'राज्यनिहाय', 'घटकनिहाय' हे तीन शब्द ज्याला नीट वापरता येतात, तो सदस्य अर्थखात्याला पुरून उरतो.

ही रीत नवी नाही. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हा त्यांनी सरकारचेच शिलकीचे आकडे सरकारपुढे मांडले : एवढी शिल्लक राहत असेल, तर प्रजेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जात आहे. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. १९०३मध्ये तो दोन रुपयांवर आला आणि १९०७पर्यंत एक रुपयावर. एकट्या गोखल्यांमुळे हे झाले असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या हातात मतांचे बळ शून्य होते, हे विसरू नका. प्रश्न विचारण्याचा हक्क तर १८९२च्या कायद्याने नुकताच मिळाला होता, तोही उपप्रश्नाविना. १८९३ साली पहिला प्रश्न आला तो अवधमधल्या भिंगा या ठिकाणच्या राजांचा. दौऱ्यावर आलेल्या सरकारी अंमलदारांना रसद पुरवताना गावच्या दुकानदारांची जी ओढाताण होते, तिच्याविषयी. ना कायद्यात, ना पावतीवर, असा हा एक करच की!

आता मंत्र्यांची बाजू. निसटण्याच्या काही वाटा अगदी कायदेशीर आहेत. कर्ज थकवणाऱ्याचे नाव विचारले, की कर्जदाराची माहिती गुप्त ठेवणारे रिझर्व्ह बँक कायद्याचे कलम ४५-ई पुढे येते. एखाद्या करदात्याची माहिती विचारली, की प्राप्तिकर कायद्यातली गुप्ततेची तरतूद. नावांच्या मागे लागणाऱ्या खासदाराच्या हाती म्हणून फार काही लागत नाही. बँकनिहाय निर्लेखित, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढलेली कर्जे आणि त्यांतली वसुली किती, एवढे विचारले की तक्ता मुकाट्याने येतो.

दुसरी वाट वस्तू व सेवा कराची. दर विचारले, की उत्तर ठरलेले : दर जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतात, ती घटनात्मक संस्था आहे. हेही बरोबरच. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश, राज्यांचे दोन-तृतीयांश, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश लागते. म्हणजे केंद्राच्या मनाविरुद्ध तिथे काही होऊ शकत नाही, पण जबाबदार कोण असे विचारले की सगळेच आणि कोणीच नाही. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के कर का, हा प्रश्न असा अनेकदा परिषदेच्या दारात सोडून देण्यात आला. मग ऑगस्ट २०२४मध्ये वसुलीचा आकडा लेखी उत्तरात आला : २०२३-२४ या एका वर्षात आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरून ८,२६२ कोटी रुपयांहून अधिक. तोवर वाद तत्त्वाचा होता, आता तो किमतीचा झाला. सवलत द्यायची तर किती सोडावे लागेल, हे सगळ्यांना कळले. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा हा कर उठला. त्यामागे राजकारण होते, दबाव होता, सत्ताधारी पक्षातल्याच एका ज्येष्ठ मंत्र्याचे पत्रही होते. तरी आकडा नसता, तर वाद तत्त्वातच घुटमळत राहिला असता.

तिसरी वाट : "माहिती गोळा करण्यात येत आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल." हे ऐकून बहुतेक लोक कंटाळतात, पण यात मंत्री अडकलेला असतो. हे वाक्य म्हणजे आश्वासन, आणि लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३पासून अशा आश्वासनांची नोंद ठेवते. मुदत तीन महिने. 'बाब विचाराधीन आहे' हेही समितीच्या यादीत बसते. मुदतवाढी मागितल्या जातात, आश्वासने वर्षानुवर्षे लोंबकळतात. पण समितीने मान्य केल्याशिवाय ती पुसली जात नाहीत.

पाठपुरावा केला की काय होते, त्याचे मोठे उदाहरण १९५७चे. सरकारी आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोट रुपये गुंतवले होते. महामंडळ जेमतेम वर्षभराचे. आधी साधा प्रश्न आला, उत्तर गुळमुळीत मिळाले. पुन्हा प्रश्न आला. मग १६ डिसेंबरला फिरोज गांधी उभे राहिले, आणि ते सत्ताधारी बाकांवरचे होते, पंतप्रधानांचे जावई होते. न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, मुंबईत उघड सुनावणी झाली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. आज सत्ताधारी सदस्याचा प्रश्न बहुधा मंत्र्याला योजनेची जाहिरात करायला वाव देण्यासाठी असतो. प्रश्नाला बाजारभावही असतो, हे २००५मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारणाऱ्या अकरा खासदारांच्या हकालपट्टीने दिसलेच. आणि सप्टेंबर २०२०च्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तासच रद्द झाला, तेव्हा लेखी प्रश्न तेवढे शिल्लक राहिले. उपप्रश्न गेला, हे नुकसान मोठे होते. पण वित्त मंत्रालयाचे तक्ते येत राहिले.

तुमच्यातल्या काहींनी मघाशी विचारले, आपल्यासारख्यांनी काय करायचे. खासदाराला निवेदन देऊ नका, प्रश्नाचा मसुदा द्या. एक करून दाखवतो. महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले, की २०१८-१९मध्ये उपकरांतून सुमारे पावणेतीन लाख कोटी रुपये जमा झाले आणि त्यांतले १ लाख ६४ हजार कोटीच त्या-त्या कामाच्या राखीव निधींकडे वर्ग झाले. यावर उद्या प्रश्न करायचा तर असा : "(क) गेल्या पाच वर्षांत प्रत्येक उपकरातून जमा झालेली रक्कम, वर्षनिहाय, (ख) त्यांपैकी संबंधित राखीव निधीत वर्ग केलेली रक्कम, वर्षनिहाय व उपकरनिहाय, (ग) वर्ग न केलेली रक्कम व तिची कारणे." 'हे खरे आहे काय' कुठेही नाही. अतारांकितच द्या, मंत्री कोण उभे राहते याची फिकीर नको. लोकसभेत वित्त मंत्रालयाचा वार सध्या सोमवार आहे. ज्या सोमवारी उत्तर हवे, त्याच्या किमान तीन आठवडे आधी हा कागद खासदाराच्या कार्यालयात पोचवा, आणि उत्तर आले की आधी त्याला जोडलेले शेवटचे विवरणपत्र, म्हणजे आकड्यांचा तक्ता, उघडा.