सॅन अँटोनिओची 'प्रपोझिशन बी'

१ मे २०२१, शनिवार. आपल्याकडे कामगार दिन. टेक्ससमध्ये मात्र स्थानिक निवडणुकांचा ठरलेला मे महिन्यातला पहिला शनिवार. योगायोग एवढाच, की सॅन अँटोनिओच्या मतपत्रिकेवर त्या दिवशी 'प्रपोझिशन बी' नावाचा प्रश्न कामगार हक्काचाच होता: शहराच्या पोलिसांना सामूहिक वाटाघाटीचा, म्हणजे संघटनेमार्फत पगार आणि नोकरीच्या अटी ठरवण्याचा, हक्क राहावा का?

हे मतदारांना का विचारायचं? टेक्ससमध्ये सरकारी नोकराला युनियनचं सभासद होता येतं. पण शहराने त्या युनियनशी सामूहिक करार केला, तर राज्याचा कायदा तो रद्दबातल ठरवतो. पोलीस आणि अग्निशमन दलाला तेवढी राज्याच्या स्थानिक सरकार कायद्यातल्या अध्याय १७४ ची वाट आहे, तीही शहराने मतदान घेऊन स्वीकारली तर. कचरा उचलणारे, पाण्याच्या लाइनवर काम करणारे यांना या अध्यायात जागा नाही.

मतदान लावायचं तर अर्जावर सह्या हव्यात: २० हजार, किंवा मागच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केलेल्यांच्या ५ टक्के, यातला लहान आकडा. कौल मिळाला तरी लगेच करार होत नाही. आधी पोलिसांच्या बहुमताने एक संघटना ठरते, मग शहर तिच्याशी बोलायला बसतं. संपाला बंदी कायम. केलाच, तर वर्षभर पगारवाढ नाही आणि २ वर्षं पुन्हा प्रोबेशनवर.

सॅन अँटोनिओने हा अध्याय १९७४ मध्येच स्वीकारला होता. २०२१ चं मतदान होतं तो रद्द करण्यासाठी, आणि घोळाला जागा इथेच. 'बाजूने' खूण केली की हक्क गेला. पोलिसांना पाठिंबा द्यायचा, तर खूण 'विरोधात' करायची!

रद्द करू पाहणाऱ्यांचा राग मुख्यतः पगारावर नव्हता. बडतर्फ झालेला पोलीस लवादाकडे अपील करून नोकरीवर परत येतो, हे त्यांना खुपत होतं. पण लवादाची सोय त्याच कायद्याच्या अध्याय १४३ मध्येही, म्हणजे पोलीस-अग्निशमन दलाच्या नोकरीच्या नियमांत, आहे. तो हटवायला १० टक्के मतदारांच्या सह्या लागतात, आणि तेवढ्या जमल्या नव्हत्या. त्यामुळे जिंकूनही काम अर्धंच झालं असतं.

निकाल लागला: विरोधात ५१.१५ टक्के, बाजूने ४८.८५. हक्क वाचला, पण जेमतेम. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, नवा करार झाला. त्यात बडतर्फी फिरवण्याचे लवादाचे अधिकार कमी केले गेले.