पियानो पाठवला कुणी, आणि 'एमा' आवडली कुणाला

मागे आवाज येतोय ना? बरं, मग सुरू करते.

विषय कसा ठरला ते आधी सांगते, कारण इथल्या निम्म्या लोकांना ते भांडण माहितीये आणि उरलेल्यांनी त्याच्याबद्दल फक्त ऐकलंय. आपल्या वाचनगटात या वेळी जेन ऑस्टिनची 'एमा' घेतली होती. चर्चेला बसलो आणि पहिल्याच मिनिटाला एक मैत्रीण म्हणाली की किती छान, स्वच्छ कादंबरी आहे, सासूबाई असोत नाहीतर सातवीतली मुलगी असो, घरात कुठेही उघडी टाकून जा, एवढ्या पानांत प्रेमिकांचं एक चुंबन नाही. त्यावर समोरून एक काका म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी, एवढ्या पानांत काहीच नाही!" आणि मग जे सुरू झालं ते चहा गार होईपर्यंत चाललं. आता गंमत अशी की दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. नायक मिस्टर नाइटली नायिकेचा, म्हणजे एमाचा, हात हातात घेतो, ओठांपर्यंत न्यायला निघतो आणि मध्येच काय मनात येतं कुणास ठाऊक, सोडून देतो. मैत्रिणीला त्या सोडून देण्यात अख्खा रोमान्स दिसला, काकांना बस चुकल्यासारखं वाटलं.

मी तेव्हा एवढंच म्हटलं की हे भांडण दोनशे वर्षं जुनं आहे आणि ते पहिल्यांदा लिहून ठेवलं ते खुद्द लेखिकेनं. तर सगळे म्हणाले, मग तूच बोल. म्हणून उभी आहे.

कादंबरी आली १८१५च्या डिसेंबरात, आतल्या शीर्षकपानावर मात्र साल १८१६ छापलंय. तीन भाग, २००० प्रती, किंमत २१ शिलिंग. हल्ली 'रीजन्सी रोमान्स' म्हणून जो प्रकार विकला जातो, नाच, बग्ग्या, कमरेच्या बऱ्याच वर शिवलेले झगे, तो काळ हाच, १८११ ते १८२०, राजा वेडा झाला म्हणून युवराज रीजंट होऊन कारभार बघत होता तो. आणि 'एमा' त्याच युवराजाला अर्पण केलेली आहे. ऑस्टिनबाईंना हा माणूस मुळीच आवडत नसे, तसं पत्रात लिहूनही ठेवलंय त्यांनी, पण त्याच्या ग्रंथपालाकडून निरोप आला की पुस्तक अर्पण करायला आपल्याला परवानगी आहे. अशी 'परवानगी' आली की काय करायचं असतं ते सरकारी नोकरी केलेल्यांना मी सांगायला नको.

तर पुस्तक आल्यावर बाईंनी काय केलं, घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, ओळखीच्यांनी जे जे म्हटलं ते एका यादीत टिपून ठेवलं. चांगलं, वाईट, सगळं. स्वतःची टिप्पणी नाही, खुलासा नाही, 'यांना काय कळतंय' नाही. ती यादी आज छापील मिळते आणि माझ्या मते ती कादंबरीइतकीच मजेशीर आहे.

काही नमुने सांगते. सख्खी आई म्हणाली, आधीच्या 'मॅन्सफील्ड पार्क'पेक्षा करमणूक जास्त आहे पण 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची सर नाही. बहीण कॅसांड्रा म्हणाली, 'प्राइड'पेक्षा चांगली पण 'मॅन्सफील्ड'पेक्षा कमी. म्हणजे एकाच घरात, एकाच टेबलावर, उलटेसुलटे मार्क. नौदलातला भाऊ चार्ल्स, त्याला प्रत जहाजावर मिळाली, त्यानं एका प्रवासात तीनदा वाचली. मिस्टर फाउल नावाच्या गृहस्थांनी फक्त पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं, का, तर पुस्तकात काही राम नाही असं कानावर आलं होतं! मिसेस डिगवीड या शेजारीणबाई, त्यांचं म्हणणं, लेखिका ओळखीची नसती तर शेवटपर्यंत पोचलेच नसते. एक बाई म्हणाल्या, हे इतकं खऱ्यासारखं आहे की त्यात रस कसा वाटणार. आणि माझ्या सगळ्यात लाडक्या मिसेस डिक्सन, त्यांना पुस्तक फारसं आवडलं नाही, आणि त्यात मिस्टर आणि मिसेस डिक्सन नावाची पात्रं आहेत म्हणून आणखीनच आवडलं नाही. स्पेलिंग वेगळं आहे हो, पण बाईंचं म्हणणंही काही चूक नाही, कारण कादंबरीतल्या त्या मिस्टर डिक्सनवर एमा एक भलताच संशय घेते आणि तो संशय एका पियानोमुळे आहे.

आता पियानोकडे येते. स्पॉयलर देणार आहे, पण दोनशे वर्षांच्या पुस्तकाला एवढी सूट असावी.

हायबरी नावाचं मोठंसं खेडं. एमा वुडहाउस श्रीमंत, हुशार, लाडावलेली, पियानो बरा वाजवते पण रियाज कधी केला नाही. जेन फेअरफॅक्स अनाथ, कर्नल कँपबेल यांच्या घरी वाढलेली, उत्तम वाजवते, उत्तम गाते, आणि पैसा नाही म्हणून आता गव्हर्नेस व्हायच्या बेतात, म्हणजे कुणाच्यातरी घरी राहून त्यांच्या मुली शिकवायच्या. ती येऊन राहते आपल्या मावशीकडे, मिस बेट्सकडे, छोट्याशा बिऱ्हाडात, सोबत म्हातारी आजी. वाद्य म्हणून घरात काही नाही. आणि त्याच गावात मिसेस कोल यांच्या दिवाणखान्यात नवाकोरा ग्रँड पियानो आहे, आणि त्या स्वतःच सांगतात की मला एक सूर दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. हे वाचलं की मला आपल्याकडची एकदोन घरं आठवतात, नावं घेत नाही.

तर एक दिवस मिस बेट्सच्या घरी लंडनच्या ब्रॉडवुड कंपनीकडून पियानो येतो. ग्रँड नव्हे, चौकोनी, टेबलासारखा असतो तो, पण मोठा. कुणी पाठवला, चिठ्ठी नाही. गाव म्हणतं कर्नलनी पाठवला असणार. एमा म्हणते, छे, कर्नलच्या जावयानं, म्हणजे या मिस्टर डिक्सननं, लग्न झालेला असून. आणि हे ती कुणाजवळ बोलते, तर फ्रँक चर्चिल या देखण्या पाहुण्याजवळ, जो नुकताच भाड्याची गाडी मागवून केस कापायला म्हणून लंडनला जाऊन आलेला असतो. सोळा मैल जायचं, सोळा मैल यायचं, केस कापायला! अख्खं गाव हसतं, शिष्ट म्हणतं, आणि पियानोचा आणि त्या केस कापण्याचा संबंध कुणीही लावत नाही. पहिल्या वाचनात मीही लावला नव्हता.

मग तो प्रसंग येतो जो मी आज तुम्हाला नीट दाखवणार आहे. मिस बेट्सची बैठकीची खोली, म्हातारी आजी शेकोटीपाशी डुलक्या घेतेय, फ्रँक टेबलाशी बसून तिच्या चष्म्याचा निखळलेला खिळा बसवतोय, आणि जेन पाठ करून पियानोकडे बघत उभी आहे. जमीन सपाट नाही, पियानो हलतो, म्हणून एका पायाखाली कागदाची घडी सारलीय. फ्रँक सहज सांगतो, आम्ही पायाखाली कागद घालत होतो. झालं, एवढंच. पण जरा थांबून बघा. मिस बेट्स लोकांना बोलवायला बाहेर गेलेली, आजी झोपलेली, म्हणजे खोलीत ही दोघंच होती, तो इतका वेळ चष्म्याचा एक खिळा बसवत होता जो अजून बसलेला नाही, आणि जेन पाठ फिरवून उभी आहे कारण तिला चेहरा ठीक करायला वेळ हवाय. मग ती वाजवायला बसते आणि पहिले सूर कापरे निघतात. एमाला वाटतं, बिचारी, नवीन वाद्याची अजून सवय नाही. थोड्या वेळानं ती 'रॉबिन अडेर' वाजवते, ही एका दूर गेलेल्या प्रियकराच्या आठवणीची चाल, आणि फ्रँक एमाला म्हणतो, "त्याचं आवडतं गाणं वाजवतेय." एमा ऐकते 'डिक्सनचं', आणि खरं म्हणजे तो स्वतःबद्दल बोलतोय, तिच्यासमोर, मोठ्यानं. दोघांचं गुपचूप लग्न ठरलेलं आहे. ज्या काकांना पुस्तकात काही घडत नाही असं वाटलं त्यांना मी एवढंच विचारीन की काका, याला काय म्हणायचं मग? चुंबन नाही हे खरं. पण मला विचाराल तर ही खोली इतकी तापलेली आहे की मी मुलीसमोर वाचायला जरा बिचकले असते.

आणि हे ऐकू येतं कुणाला, तर परत वाचणाऱ्याला. जहाजावर तीनदा वाचणाऱ्या चार्ल्सला. मिस्टर फाउलच्या दोन प्रकरणांत पियानो येतच नाही.

तक्रारी करणारे काही सगळेच आळशी नव्हते बरं का. मराया एजवर्थ त्या काळात ऑस्टिनपेक्षा कितीतरी मोठं नाव. त्यांना भेट म्हणून प्रत गेली, पहिला भाग वाचून त्यांनी पत्रात लिहिलं की यात गोष्टच नाही, आणि एमाच्या वडिलांना जी गुळगुळीत पातळ पेज आवडते तिच्यावरून खवचट शेरा मारला. वॉल्टर स्कॉटनं निनावी रिव्ह्यू लिहिला, कौतुकच केलं, पण मिस बेट्सची बडबड प्रत्यक्षात कंटाळवाणी वाटते तशी पुस्तकातही वाटायला लागते असंही म्हटलं. नंतर १८५० साली 'जेन एअर'वाल्या शार्लट ब्राँटी म्हणाल्या, वरवरचं आयुष्य छान रंगवते पण आतल्या वादळाची हिला ओळखच नाही. आता मिस बेट्सबद्दल माझं प्रामाणिक मत, मीही तिचे परिच्छेद पहिल्यांदा चक्क उडवले होते, आणि नंतर कळलं की चष्म्याच्या खिळ्यासारख्या कितीतरी खुणा त्या बडबडीतच पेरलेल्या आहेत. चोरानं पिंपात दागिने लपवावेत तशा.

या सगळ्यात मला अडकवून ठेवणारी दोन मतं वेगळीच आहेत. एक ऑस्टिनची भाची फॅनी नाइट हिचं. गॉडमर्शमच्या मोठ्या वाड्यातली मुलगी, इस्टेटीत वाढलेली. ती म्हणते, एमा मला सहन होत नाही, आणि जेन फेअरफॅक्स आवडली असती, तिच्याबद्दल आणखी कळलं असतं तर. दुसरं मत मिस ॲन शार्प यांचं. त्यांना एमा वेगळी म्हणून आवडली, नायक फार आवडला, मिसेस एल्टन, म्हणजे गावच्या पाद्र्याची मिरवणारी बायको, तर शब्दांपलीकडची वाटली, पण जेन फेअरफॅक्सवर त्या नाराज. कारण लिहिलेलं नाही, नाराज एवढंच.

आता या मिस शार्प कोण? गव्हर्नेस. कुणाच्या? याच फॅनीच्या! १८०४ ते १८०६ गॉडमर्शमला होत्या, तिथेच ऑस्टिनबाईंशी मैत्री झाली ती शेवटपर्यंत टिकली.

मी हे पहिल्यांदा जोडून बघितलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. शिकणारी म्हणते, ही मुलगी मला नीट कळू दे. शिकवणारी म्हणते, नाही, पटली नाही. का नसेल पटली? मला वाटतं ते असं. जेन एका ठिकाणी म्हणते की गव्हर्नेस पुरवणारी ऑफिसं म्हणजे माणसाचं मांस नाही तरी माणसाची अक्कल विकणारी दुकानं. आणि मिसेस एल्टन, तोंडावर उपकाराचा आव आणून, तिला हिशोब सांगते की तुझ्या नुसत्या संगीतावर तू हवा तो पगार मागू शकतेस, त्यात हार्प येत असती तर काय बोलायलाच नको. म्हणजे जे वाजवणं आपण मघाशी त्या खोलीत ऐकलं त्याचा बाजारात रेट ठरतोय. आणि मग काय होतं, श्रीमंत नवरा मिळतो आणि जेनची सुटका होते. मिस शार्पना असा कुणी फ्रँक चर्चिल भेटला नाही, त्या काम करत राहिल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही नाराजच झाले असते, कदाचित पुस्तक जरा जोरात मिटलं असतं.

जाता जाता माझ्या आतेबहिणीची गोष्ट, कारण ती डोक्यातून जात नाही. ताईला बघायला आले की पेटी बाहेर निघायची, तीच एक गत, तेच एक नाट्यगीत, आणि आतल्या खोलीत आम्ही मुली मोजायचो, पाचवं स्थळ, सहावं स्थळ. लग्न ठरलं आणि पेटी माळ्यावर गेली. मिसेस एल्टन म्हणतेच ना, संगीताशिवाय मी जगूच शकत नाही, पण लग्न झालेल्या बायकांचं काय होतं तुम्हाला माहितीये. तिथे मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

ऑस्टिनबाई स्वतः मात्र वाजवत राहिल्या. १८०८ साली बहिणीला लिहितात की हो, पियानो घ्यायचाच, ३० गिनीत मिळेल तेवढा चांगला, म्हणजे भाचरंडांना नाचायला चाली वाजवता येतील. पुढे चॉटन गावातल्या घरात रोज सकाळी न्याहारीच्या आधी, बाकीचे उठून यायच्या आत, त्या वाजवायला बसत. वाद्यसंगीताचे कागद महाग, म्हणून स्वतःच्या हातानं उतरवून घेतलेले. घरातल्या त्या संगीताच्या वह्या शिल्लक आहेत आणि त्यांत 'रॉबिन अडेर'सुद्धा आहे.

'एमा'ची पहिली आवृत्ती पुरती खपली नाही, उरलेल्या प्रती पुढे स्वस्तात काढाव्या लागल्या. आधीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीतलं नुकसान वळतं करून बाईंच्या हातात आले ३८ पौंड आणि वर थोडे शिलिंग. भेट द्यायला मिळाल्या होत्या १२ प्रती, बहुतेक घरच्यांत गेल्या, एक युवराजाच्या ग्रंथपालाला, एक एजवर्थबाईंना, पेजवाल्या. आणि एक मिस शार्पना. जेन फेअरफॅक्स न पटलेली ती प्रत २००८ साली लंडनला लिलावात निघाली आणि १,८०,००० पौंडांना गेली.

चला, काका मघापासून हात वर करून बसलेत, आधी त्यांना बोलू द्या.