पन्नास टक्के आणि एक धरण

(राधानगरी. पाऊस. धरणाचे दरवाजे.)

पाण्याची ठरलेली पातळी गाठली की हे दरवाजे आपोआप उघडतात. वीज लागत नाही, कळ दाबायला माणूस लागत नाही. भोगावती इथं अडवायचं ठरवलं ते राजर्षी शाहू महाराजांनी. त्यांच्या हयातीत काम अर्धवटच राहिलं, पुरं झालं स्वातंत्र्यानंतर.

26 जुलै 1902 चा हुकूम आपल्याला पाठ असतो. कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागास वर्गांना. दर 26 जूनला, सामाजिक न्याय दिनी, भाषणांत तो येतोच. धरण मात्र सहसा येत नाही. बाजारपेठ तर नाहीच.

(गुऱ्हाळ. काहिलीतून वाफ.)

चुलवाणात चिपाडं सारली जाताहेत. रस आटतोय, वर आलेली मळी झाऱ्यानं काढली जातेय. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात सोडतो, बोटांत गोळी वळून बघतो. जमली नाही. आणखी थोडा जाळ. पुन्हा थेंब, पुन्हा गोळी. आता जमली! काहील वाफ्यात उपडी, आणि घोटून झाल्यावर गूळ साच्यात.

हा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, विकायचा कुठं? महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली 1895 साली, कारभार हाती आल्याच्या दुसऱ्याच वर्षी. म्हणजे बाजार आधी, आरक्षण सात वर्षांनी. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

मग वसतिगृहं. 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड.

(जुने दस्त, मोडी अक्षर.)

1918 मध्ये महार वतन रद्द झालं. वतनाच्या जमिनीच्या तुकड्यापायी अख्ख्या घराला गावकी, म्हणजे गावाची कामं, राबावी लागायची, कधीही, कुणाच्याही हाकेसरशी. महाराजांनी ती जमीन रयतावा केली, ज्याची त्याच्या नावावर. वेठ गेली, जमीन राहिली. जातीचा जाच आणि पोटाचा प्रश्न एकाच हुकमात सोडवलेला, इतका नेमका दुसरा दाखला आम्हाला तरी सापडला नाही.

(उसाचा फड. कोयते.)

पाणी आलं, ऊस वाढला. तो तोडायला येणाऱ्या कितीतरी टोळ्यांत स्वतःचं बागायती रान असलेला माणूस शोधावा लागतो. सरकारी कचेऱ्यांत कंत्राटी भरती वाढतेय, आणि ज्यांतून आरक्षण द्यायचं त्या कायम जागाच कमी होताहेत.